जल्लादाचा पाय

आप्पांना लहान मुलांचा फार लळा होता, पण चारचौघांत ते कुठल्याही मुलाकडे बघून कधी हसले नाहीत. खंडेनवमीला कंपनीत सगळ्यांच्या घरची माणसं यायची. मशिनींना झेंडूच्या माळा, पेढ्यांचे बॉक्स, लेकरांची पळापळ. एखादं पोर आप्पांच्या पायात घुटमळलं की ते भुवया आवळून असं काही बघायचे, की पोर भोकाड पसरून आईकडे धावायचं. एका वर्षी अशाच रडवलेल्या मुलीच्या मुठीत, ती आईच्या कडेवर असताना, ते हळूच खडीसाखर ठेवत होते. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी हात झटकन मागं घेतला आणि पुन्हा तो भीतीदायक चेहरा केला.

"आतलं आत," एवढंच म्हणाले आणि स्टोअरकडे निघून गेले.

हे त्यांचं पालुपद होतं. कुणी काही खोदून विचारलं की "आतलं आत" आणि विषय बंद.

आम्ही चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. मी मशिन शॉपला आणि ते स्टोअरला. हातमोजे, बूट, ड्रिल, जे लागेल ते खिडकीतून द्यायचं हे त्यांचं काम. कंपनी भोसरीला होती तेव्हापासूनचे ते. मूळ गाव माण. हिंजवडीचं आयटी पार्क पसरत पसरत त्यांच्या शिवारात शिरलं, भावांनी मजल्यावर मजले चढवून खोल्या भाड्यानं दिल्या, आप्पा मात्र जुन्या बसक्या घरातच राहिले. बुटकी, रुंद अंगलट. मान खांद्यात रुतलेली, कान दुमडून गाठाळलेले. आणि डावा पाय ओढत चालायचे. गुडघ्यात न वाकवता, कमरेतून झोका देऊन तो पाय पुढं टाकायचे. बुटाचा आतला काठ कायम झिजलेला असायचा.

त्या पायाची गोष्ट कंपनीतल्या जुन्या माणसांना पाठ होती. तरुणपणी आप्पा फ्री-स्टाइलवाले होते. त्या काळी तिकीट लावून, मैदानात चौकोनी मंच उभारून, भोवती दोर बांधून कुस्त्यांचे खेळ व्हायचे. एक ठेकेदार पैलवानांचा ताफा घेऊन गावोगाव फिरायचा. आधी दोन दिवस जीपवर कर्णा लावून जाहिरात आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर पोस्टर. पोस्टरवर एका बाजूला पांढऱ्या लांगेतला वज्रबाहू आणि दुसऱ्या बाजूला काळ्या कपड्यांतला, डोळ्यांत काजळ घातलेला जल्लाद. आप्पा म्हणजे तो जल्लाद. वज्रबाहूच्या डोळ्यांत राख टाकायची, पंचाची पाठ वळली की कानशिलात हाणायची, लोकांना शिव्या द्यायच्या आणि शेवटी मार खायचा. लोक चपला फेकायचे. पिंपरीच्या मैदानातल्या एका खेळात वज्रबाहूनं त्यांचा डावा पाय काखेत धरून पिळला, मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला म्हणतात. त्यांना स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आप्पा कधी मंचावर चढले नाहीत. पुढं तो ठेकाही बंद पडला.

नवल म्हणजे आप्पा या सगळ्याबद्दल एखाद्या गुन्हेगारानं शिक्षा भोगून आल्यावर बोलावं तसं बोलायचे. "तवा मी लई माजलो हुतो," म्हणायचे. "राख डोळ्यात टाकायची म्हंजे पाप हाय. पाय मोडला ते बरंच झालं." वज्रबाहूचं नाव ते आदरानं घ्यायचे, पण त्याला भेटायला कधी जात नसत. तो जवळच रावेतला मुलाच्या फ्लॅटवर राहतो हे आम्हाला माहीत होतं, त्यांनाही होतं. कुणी भेटीचं काढलं की ते चिडायचे. म्हणायचे, त्याच्या दारात मी उभा राहिलो तर लोक काय म्हणतील.

बसमध्ये त्यांच्या पायाकडे बघून कुणी उठून जागा दिली तर ते बसत नसत. दांडीला धरून उभेच राहायचे, मग चाकणच्या चौकात गाड्या कितीही तुंबलेल्या असोत. पांढरा कपडा त्यांच्या अंगावर मी कधी पाहिला नाही. कंपनीनं एकदा सगळ्यांना पांढरे टी-शर्ट वाटले तेव्हा आप्पांनी आपला घरी नेऊन चहाच्या पाण्यात बुडवून आणला. हसू आलंच तर तोंडावर पंजा धरायचे. आम्हाला वाटायचं, माणूस जरा सरकलेला आहे. प्रेमानं वाटायचं, पण वाटायचं.

आता आमचं सांगतो. मी परभणीकडचा. आमच्या गल्लीत एकाच घरी केबल होती. त्या घराच्या उंबऱ्यावर बसून आम्ही अमेरिकेतली ती रंगीत चड्ड्यांतली कुस्ती बघितली. पैलवानांच्या फोटोंचे, उंची-वजन छापलेले पत्ते जमवले आणि त्यासाठी मारामाऱ्या केल्या. माझ्या शेजारच्या मशिनवर दिगंबर होता, संगमेश्वरकडचा. त्याचंही लहानपण तसंच गेलेलं. बसमध्ये आम्ही दोघं शेजारी बसायचो आणि बोलणं तेच. कुठल्या पैलवानानं कुणाला पिंजऱ्यावरून खाली फेकलं, कोण थडग्यातून उठून आला. पुढं मोबाइलवर ते जुने पैलवान स्वतःच दिसायला लागले. पोटं सुटलेली, केस गेलेले. कॅमेऱ्यासमोर बसून पडद्यामागचं सगळं सांगायचे. कोण जिंकणार हे आधीच कसं ठरायचं, मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवून कपाळ कसं चिरायचे, कोण वैरी एका खोलीत राहायचे. आम्हाला ते बघायची चटक लागली. वेडगळ म्हणा, पण ज्या खोट्यानं लहानपणी फसवलं ते कसं रचलं होतं हे कळलं की ते अजूनच आवडायला लागायचं.

एके सकाळी बसमध्ये दिगंबरनं असाच एक व्हिडिओ आप्पांच्या समोर धरला. म्हणाला, बघा आप्पा, हा तर तुमच्यासारखाच खलनायक होता, आता सांगतोय की ज्यानं त्याला आयुष्यभर बडवलं तोच त्याच्या लग्नात करवला होता. आप्पांनी थोडा वेळ ऐकलं, म्हणजे दिगंबरनं मराठीत सांगितलेलं ऐकलं. मग त्यांनी विचारलं की हा माणूस हे सगळं कुणाला सांगतोय.

"सगळ्या जगाला," दिगंबर म्हणाला.

"जगानं इचारलं हुतं का त्याला?"

"आप्पा, लोकांना आवडतं ऐकायला. आता काय लपवायचं राहिलंय?"

आप्पांचा चेहरा काळवंडला. जीव तोडून बोलावं तसे हळू आवाजात बोलले. "ज्यांनी चपला मारल्या त्यांनी खऱ्या मारल्या ना? मंग त्यांना येडं कशापायी ठरवायचं?" आणि ते पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यानंतर बरेच दिवस ते दिगंबरशी बोलले नाहीत. खिडकीतून हातमोजे द्यायचे ते त्याच्याकडे न बघता.

त्या अबोल्यातच तो अपघात झाला. दिगंबर मशिनपाशी वाकून कापलेल्या लोखंडाच्या चिप्स काढत होता. वरून क्रेननं गिअरच्या कच्च्या मालाची जाळी सरकत होती आणि साखळीचा हूक निसटायला लागल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आप्पा शेडच्या दुसऱ्या कडेला, सामानाची ट्रॉली घेऊन उभे होते. मी फक्त त्यांना पळताना पाहिलं. ट्रॉली सोडून, दोन्ही पायांवर, सरळ. पैलवान जसा जोडावर झेपावतो तसे ते दिगंबरच्या कमरेवर आदळले आणि दोघं मशिनींमधल्या वाटेवर घरंगळले. जाळी जिथं दिगंबरचं डोकं होतं तिथं पडली. फरशीला खड्डा पडला, तो अजून आहे, वर पत्रा ठोकलाय.

 आप्पा मालाच्या एका लोखंडी पेटीवर टेकले होते आणि घामानं निथळत होते. डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. दिगंबर एवढंच म्हणाला, "आप्पा, तुम्ही पळालात."

"घाबरलो म्हनून पळालो," आप्पा म्हणाले. मग उठले आणि नेहमीसारखे पाय ओढत ट्रॉलीकडे गेले. आम्ही तेव्हा त्यावर फार विचार केला नाही. जीव वाचवताना माणसाच्या अंगात कुठून बळ येतं सांगता येत नाही, असं सगळेच म्हणाले. पुढं कितीतरी दिवस त्यांचा पाय जास्तच घासत होता.

दिगंबरला मात्र चैन पडेना. त्याची बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. माझं पोर बापाविना जन्मलं असतं, हे तो सारखं बोलायचा. आप्पांसाठी काहीतरी मोठं करायचं त्याच्या मनानं घेतलं. शाल, घड्याळ, पाकीट यातलं काही आप्पा घेणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं वज्रबाहूला शोधून काढलं.

वज्रबाहू म्हणजे उमदा म्हातारा. सत्तरीला टेकलेला, गोरा, दाट पांढऱ्या मिशा, बोलायला मोकळा. मधुमेहानं पोखरलेला, पण तरीही भरभरून हसणारा. दिगंबरनं जल्लादाचं नाव काढताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. तो कुठे आहे, जिवंत आहे का, इतक्या वर्षांत एकदाही का आला नाही, असं विचारत राहिला. मग ठरलं, रावेतच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी दोघांचा सत्कार करायचा. जुन्या फ्री-स्टाइलचे शौकीन, कंपनीतली माणसं, माणच्या तालमीतले लोक, सगळ्यांना बोलवायचं. आप्पांना सांगितलं तेव्हा ते आधी नाहीच म्हणाले. पण तालमीतली माणसं येणार म्हटल्यावर गप्प झाले. वज्रबाहूचा सत्कार आहे आणि जल्लाद आला नाही तर वज्रबाहूचा मान कमी होईल, असं काहीतरी दिगंबरनं त्यांना पटवलं. त्या दिवशी ते करड्या रंगाचा इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसोबत, म्हणजे आमच्या काकूंसोबत आले. भाऊही आले होते.

कार्यक्रम चांगला चालला होता. कुणीतरी जपून ठेवलेलं पोस्टर मोठं करून मागं लावलं होतं. आप्पा मंचावरच्या खुर्चीत ताठ बसले होते, भुवया आवळून. वज्रबाहूनं मंचावर येताच त्यांना मिठी मारायला हात पुढं केले, तर आप्पांनी नुसता नमस्कार केला आणि अंग चोरून बाजूला झाले. लोकांना ते फार आवडलं. वैर अजून आहे, असं म्हणून हसले.

मग वज्रबाहू बोलायला उभा राहिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला शंभरदा सांगावंसं वाटतं. जुना मित्र शेजारी बसलाय, समोर प्रेमाची माणसं आहेत, म्हातारा खुलला. त्यानं सांगितलं की ठेकेदार दोघांना वेगवेगळ्या एसटीनं पाठवायचा, वेगवेगळ्या लॉजवर ठेवायचा, पण खेळ झाल्यावर जल्लाद मागच्या दारानं त्याच्या खोलीवर यायचा आणि दोघं एका ताटात जेवायचे. जल्लादाच्या हातचं मटण कसं असायचं ते सांगितलं. मंचाच्या फळ्यांखाली रिकामे डबे ठेवलेले असायचे म्हणून आपटल्यावर आवाज व्हायचा. राख म्हणजे करपेपर्यंत भाजलेलं पीठ असायचं. लोक खदखदून हसत होते. दिगंबर मोबाइलवर सगळं टिपत होता.

"आणि हा याचा पाय," वज्रबाहू आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "अहो, हा कधी मोडलाच नाही. यानं काळ्या पायमोज्यात वाळक्या फांद्यांचे तुकडे बांधले होते. मी पिळल्यावर ते मोडले. चहाच्या टपरीवर बसून ठरवलं होतं आम्ही. याला खेळ सोडायचा होता, नुकतंच लग्न झालं होतं. मी म्हटलं, मग झोकात सोड."

सभागृह हास्यात बुडालं. मी आप्पांकडे बघत होतो. ते हसणाऱ्या लोकांकडे बघत नव्हते. पुढच्या रांगेत तालमीतली म्हातारी माणसं बसली होती, तिकडे बघत होते. त्यातले एकदोघं हसत होते. एक जण मात्र उठला, टोपी नीट केली आणि बाहेर गेला. आप्पांच्या भावानं शेजाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं.

आप्पांना बोलायचा आग्रह झाला. ते माइकपाशी आले, पाय ओढतच आले, त्यावर पुन्हा हशा पिकला. त्यांनी माइकची दांडी धरली. मग म्हणाले, "पाय मोडला हुता." आणि शाल-नारळ खुर्चीवरच ठेवून मंचाच्या पायऱ्या उतरले. काकू घाईनं त्यांच्या मागं गेल्या. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत सोंग सोडलं नाही. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आप्पा कामावर यायचे थांबले. निवृत्तीला थोडाच अवधी राहिला होता, रजा शिल्लक होत्या, त्या त्यांनी लावल्या. कंपनीत त्यांच्या चालीची नक्कल करायची नवी फॅशन निघाली. कँटीनच्या रांगेत कुणीतरी पाय ओढत यायचं आणि बाकीचे हसायचे. त्यांना इतकी वर्षं बसून करायचं काम मिळालं ते या पायामुळेच, असंही कुणी बोललं. दिगंबरनं एकाची कॉलर धरली. दिगंबर स्वतः रोज सकाळी बसमध्ये माझ्याकडे बघून मान हलवायचा आणि खिडकीबाहेर तोंड करायचा. पैलवानांचं बोलणं आमच्यातून गेलं. मोबाइल तो बाहेर काढत नसे.

शेवटी एका रविवारी मी माणला गेलो. आप्पा मागच्या अंगणात बाजेवर पडले होते, काकूंनी मला ओसरीवर बसवलं. बुटकीशी बाई, कपाळावर गोंदलेलं. मी काही विचारायच्या आत त्याच बोलायला लागल्या, जणू कुणी येईल याची वाटच बघत होत्या.

गावच्या तालमीत आप्पांना घडवलं ते एका वस्तादांनी. आप्पांना आई नव्हती, ते तालमीतच झोपायचे, वस्तादांच्या घरचं जेवायचे. मातीत ते नाव काढणार असं सगळ्यांना वाटत होतं. पण ठेकेदार आला आणि आप्पा फ्री-स्टाइलला गेले. वस्तादांना कळलं तेव्हा त्यांनी भर तालमीत सांगितलं की नाटकातल्या माणसानं या मातीला पाय लावायचा नाही. आप्पा समोर दिसले तर ते रस्ता बदलायचे. असं काही वर्षं चाललं. मग पिंपरीचा तो खेळ झाला. प्लास्टरही ठेकेदारानंच घालून दिलं होतं, लोकांना दाखवायला. आप्पा घरी येऊन दोन दिवस झाले असतील, आणि वस्ताद दारात उभे.

"त्या प्लास्टरवर डोकं ठेवून रडला बगा म्हातारा," काकू म्हणाल्या. "म्हनला, मी तुला नाटकी म्हनलो. माझी जीभ झडंल. नाटकात कुनाचा पाय मोडतो का. चल म्हनला, तालमीत चल. तवा मी नवी नवरी हुते, दाराआडून बघत हुते. ह्यांनी त्याला सांगायला पायजे हुतं का न्हाई, तुमीच सांगा. पन म्हातारा रडत हुता वो."

प्लास्टर निघालं. वस्ताद रोज पायाला तेल लावायला यायचे. त्यांच्यासमोर सरळ कसं चालायचं? म्हणून आप्पा पाय ओढायला लागले. थोड्या दिवसांनी हळूहळू सोडून देऊ, असं ठरवलं होतं. पण वस्तादांनी सगळ्या तालमीला त्या पायाची गोष्ट सांगितली. नव्या पोरांना घेऊन यायचे आणि दाखवायचे. आप्पा उंबरा ओलांडला की लंगडायचे आणि घरात आले की सरळ चालायचे. काकूंना कधीकधी हसू यायचं, कधी भीती वाटायची. पुढं वस्ताद वारले. काकूंनी म्हटलं, आता सोडा. आप्पा म्हणाले, मेलेल्या माणसाला खोटं पाडू का.

"आता समद्यांना कळलं," काकू म्हणाल्या. "म्या म्हनलं, सुटलात एकदाचे. त्या दिवशी हॉलवरनं आल्यावर ह्यांनी अंगनात सरळ चालून बघितलं. न्हाई जमलं. घरातबी न्हाई जमत. लई दिसांपासनं जमत नव्हतं म्हनं, मला सांगितलं न्हाई."

मी त्यांना चिंचवडच्या एका हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तरुण डॉक्टर होता. एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून त्यानं बराच वेळ बघितलं. हाड कधी मोडल्याची खूण नाही म्हणाला, पण गुडघा आणि खुबा दोन्ही पार झिजलेत. वर्षानुवर्षं वाकडं चालल्यावर असं होतं. इतकी वर्षं असे का चाललात, दुखत होतं का काही, असं त्यानं विचारलं. आप्पा फोटोकडे बघत होते.  ऑपरेशनचं मी विचारलं तर त्यांनीच नको म्हणून हात हलवला.

त्यानंतर काही आठवड्यांनी वज्रबाहू माणला आला. दिगंबरनं त्याला सगळं सांगितलं असावं, किंवा अर्धंच सांगितलं असावं. मी आदल्याच दिवशी दिगंबरकडून ऐकून मुद्दाम आलो होतो. मुलानं गाडी रस्त्यावरच उभी केली, बोळात शिरत नव्हती. म्हातारा एकटाच चालत आला, पायात सैल सँडल, श्वास लागलेला. आप्पा आतल्या खोलीत होते. काकूंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि आत हाक मारली. मला वाटलं, येणार नाहीत. पण आले. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत. बाहेरच्या प्रत्येक नजरेपुढं जसे चालायचे तसेच, फक्त जास्त हळू.

वज्रबाहू बघत राहिला. मग हसून म्हणाला, "अरे बाबा, आता कुणासाठी? घरात तरी नीट चाल."

"नीटच चालतोय," आप्पा म्हणाले आणि पलंगावर टेकले.

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. तो उठून आप्पांजवळ गेला, खाली वाकता येत नव्हतं म्हणून त्यांच्या शेजारी पलंगावर बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.  मला कळायला हवं होतं, मला का नाही सांगितलंस, असं तो पुटपुटत होता.

"तुला काय सांगायचं?" आप्पा म्हणाले. "तूच मोडलास की."

आवाजात राग नव्हता. बसमध्ये जुन्या गोष्टी सांगताना जसं बोलायचे तसंच बोलले. वज्रबाहू रडायला लागला. काकूंनी चहा आणून ठेवला, तो कुणीच घेतला नाही. निघताना त्यानं परत येऊ का असं विचारलं. आप्पा नको म्हणाले. लोक बघतात, म्हणाले.

त्याला पोचवायला मी रस्त्यापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा आप्पा ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. समोर घरांच्या मागं पार्कातल्या काचेच्या इमारती दिसत होत्या. गाडी गेली का, असं त्यांनी विचारलं. गेली म्हणालो.

"त्याचा पाय बघितलास? उजवा. घोट्यापर्यंत सुजलाय. आंगठ्याला काळं पडलंय. शुगरवाल्याला ते लई वंगाळ. त्याच्या पोराला फोन कर. उद्याच्या उद्या दाखवा म्हनावं, उशीर नगं."

मी लगेच खिशातून मोबाइल काढला. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती.

"मी सांगितलं म्हनू नगंस."

मी वज्रबाहूच्या मुलाला फोन लावला आणि तसंच सांगितलं. तुम्हाला कसं कळलं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, येताना माझ्या नजरेस पडलं.